मथळ्याचं वजन

मराठी मथळ्यासाठी फॉन्ट निवडताना विक्रेत्याने दाखवलेला नमुना पाहण्यात फारसा अर्थ नसतो. नमुन्यात 'कमल', 'भवन', 'नमस्कार' असे सरळमार्गी शब्द असतात आणि त्यांत कुठलाही फॉन्ट बरा दिसतो. त्याऐवजी 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द टाईप करावा. आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो सतत येतो आणि फॉन्टची बरीचशी लबाडी एकटाच उघडी पाडतो. सुरुवातीला श, मधे ऱ्या, त्याच्या डोक्यावर अनुस्वार, शेवटी अर्धा च. मग 'उद्ध्वस्त' लिहावं. मग 'मुख्यमंत्र्यांची', 'राष्ट्रीय', 'कर्जमुक्ती', 'ॲड.'. हे शब्द फॉन्टच्या सर्वांत जाड वजनात, दोन ओळींत, ओळींमधलं अंतर वर्तमानपत्रात असतं तितकं आवळून ठेवावेत आणि कागदावर छापून हातभर लांबून पाहावेत. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो का, 'द्ध्व'चं काळं गाठोडं होतं का, अनुस्वार शेजारच्या रेघेला चिकटतो का, एवढं तपासलं की निवड जवळजवळ झालेली असते.

ही परीक्षा आज निकडीची झाली आहे, कारण जाड देवनागरी फॉन्ट आता ढिगाने मिळतात आणि त्यांतले पुष्कळ फुकट आहेत. तरी मराठी मथळा पाहून समाधान होण्याचे प्रसंग कमीच. वर्तमानपत्र, नाटकाची जाहिरात, चौकातला फ्लेक्स, वृत्तवाहिनीची पट्टी, यूट्यूबचा थंबनेल, सगळीकडे त्याच मोजक्या फॉन्टांची जाड वजनं फिरताना दिसतात. अक्षर रेखाटणारे आपल्याकडे कमी नाहीत. मथळ्याच्या अक्षराचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न मात्र मराठीत प्रत्येक पिढीने आपापल्या रीतीने टाळला आणि त्या टाळाटाळीचा ठसा अक्षराच्या आकारावर उमटला, असं मला वाटतं.

आधी अक्षर जाड करणं म्हणजे काय ते पाहू. देवनागरीच्या एका ओळीत तीन पट्टे असतात: वर मात्रा, वेलांट्या आणि रफार, मधे अक्षराचं अंग, खाली उकार आणि ऋकार. त्यात आडवी शिरोरेषा. रेघ जाड झाली की लागणारी जागा बाहेरून मिळत नाही, आतून काढावी लागते. 'छ', 'ध', 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' यांच्या पोटातली पांढरी जागा मुळातच तुटपुंजी. म्हणून कसलेला रचनाकार सगळ्या रेघा सारख्या जाड करत नाही. काना भरभक्कम, शिरोरेषा त्याहून जरा पातळ, पोटातल्या आडव्या रेघा आणखी पातळ. गाठ उघडी ठेवायची की भरून टाकायची याचा निर्णय वेगळा. अक्षराची रुंदीही थोडी वाढते. म्हणजे जाड वजन हे साध्या वजनाला फुगवून मिळत नाही, ते नव्याने रेखाटावं लागतं. आणि जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्यांच्या वेगवेगळ्या लांब्या धरल्या तर एका देवनागरी फॉन्टात सहज काही शे आकार असतात. पैशांची गोष्ट इथूनच सुरू होते.

हे काम वाचवायच्या युक्त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. कोरलमध्ये अक्षराला त्याच रंगाची आउटलाईन द्यायची. टाईपिंगच्या खिडकीतलं 'बी'चं बटण दाबायचं. फॉन्टात खरं जाड वजन नसलं तरी संगणक अक्षराच्या कडा फुगवून देतो. वेबपानावर ब्राउझर हाच उद्योग न विचारता करतो. आठ कॉलमी जागा भरत नसली की अक्षर आडवं ताणायचं; मग काने पसरतात, शिरोरेषा तेवढीच राहते आणि शब्द दोन वेगळ्या फॉन्टांतून जुळवल्यासारखा दिसतो. याहून वाईट म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजी मोठ्या लिपीत ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. नामांकित जाहिरातसंस्थांच्या कामातही हे दिसतं तेव्हा वाटतं, मांडणी मराठी न वाचणाऱ्या माणसाने केली आणि मराठी वाचणाऱ्याने ती तशीच मंजूर केली.

जुन्या काळी मथळ्याला एवढे लाड परवडत नसत. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना उभा केला आणि तिथल्या टंकांनी मराठी-संस्कृत छपाईला वळण लावलं. पण ते वळण मजकुराचं होतं. मुंबईच्या अखंड पद्धतीत, म्हणजे अक्षर तुकड्यांतून न जुळवता पूर्ण ओतण्याच्या पद्धतीत, एका मापाच्या एका वजनाला शेकडो खिळे लागत. केसरीसाठी ती संख्या खाली आणावी म्हणून लोकमान्यांनी खटपट केली, ती याच जाचामुळे. प्रत्येक मापाला वेगळा संच आणि प्रत्येक संचाला वेगळं ब्लॅक वजन, एवढं शिसं कोण ओतणार? मोठ्या अक्षरांसाठी त्यामुळे लाकडी टाईप आला, नाहीतर चित्रकाराकडून शब्द काढून घेऊन त्याचा जस्ताचा ब्लॉक बनवायचा.

या ब्लॉकने मराठीला तिचा मथळ्याचा सुवर्णकाळ दिला. दीनानाथ दलालांसारखे चित्रकार मुखपृष्ठाबरोबर अक्षरंही काढत. पुढे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिराती आणि नियतकालिकांची नावं यांतून अक्षराला नटाइतकं महत्त्व मिळवून दिलं. त्यांचं जाड अक्षर मला अजून अभ्यासण्यासारखं वाटतं, कारण त्यात वजन सारखं पसरलेलं नसतं. शब्दात एक अक्षर भार घेतं, बाकीची त्याला टेकतात. शिरोरेषा एके ठिकाणी चिरते, कुठे खाली कलते, एखादी वेलांटी पुढच्या अक्षरावर छत धरते. हे फॉन्टाला जमणं अवघड, कारण फॉन्टातल्या अक्षराला आपल्या शेजारी कोण येणार ते आधी ठाऊक नसतं. शेडग्यांना ते ठाऊक असे. शिवाय त्यांना शब्दात असतील तेवढीच अक्षरं काढावी लागत आणि पैसे त्या शब्दापुरते मिळत. व्यवहार साधा होता: एक नाटक, एक नाव, एक बिदागी.

संगणक आला आणि हा व्यवहार मोडला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगळूरची आकृती यांनी नव्वदच्या दशकात मराठी डीटीपीचा संसार उभा केला. श्रीलिपीच्या फॉन्टांना नावापेक्षा आकडे जास्त, आणि डीटीपीवाले ते आकडे आजही पाढ्यासारखे म्हणतात. पॅकेजबरोबर डोंगल येई. संगणकाच्या मागे ते लावल्याशिवाय टाईपिंग होत नसे. कुलूप टाईपिंगच्या प्रणालीला होतं, फॉन्टच्या फाईली मात्र फ्लॉपीवरून, मग सीडीवरून, छापखान्या-छापखान्यांत फिरल्या. फॉन्ट ही विकत घ्यायची वस्तू आहे ही कल्पना मराठी बाजारात रुजायच्या आतच फॉन्ट ही मागून घ्यायची वस्तू झाली. त्यांतला 'श्री देवनागरी ७१४' पुढे ॲपलच्या संगणकांत अधिकृतपणे जाऊन बसला. एवढ्या लांबचा पल्ला मारणारा तो बहुधा एकटाच आकड्याचा फॉन्ट असावा. पण परवान्याचे पैसे अशा बड्या कंपन्यांकडून येत राहिले. गावोगावच्या वापरणाऱ्यांकडून काही येईना, तेव्हा नवी जाड वजनं रेखाटायला कारणही उरलं नाही. त्या काळातले पुष्कळसे 'बोल्ड' मजकुराच्याच अक्षराचे लठ्ठ भाऊ आहेत.

युनिकोडने चित्र पालटलं, पण सावकाश. र. कृ. जोशी यांनी रचलेला मंगल विंडोज २०००बरोबर घराघरांत गेला. तो पडद्यावर वाचण्यासाठी घडवलेला फॉन्ट. त्याला लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या बॅनरपर्यंत सगळीकडे जुंपलं गेलं, त्यात त्याचा काय दोष? मांडणीच्या सॉफ्टवेअरांनीही वेळ लावला. इनडिझाइनमध्ये देवनागरी धड जुळायला २०१२ ची सीएस६ आवृत्ती यावी लागली. तोवर वर्तमानपत्रांची पानं जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत लागत राहिली. काही ठिकाणी अजूनही लागतात, आणि त्यातला मजकूर दुसरीकडे चिकटवला की नुसती चिन्हांची खिचडी होते.

मग २०१४–१५ च्या सुमारास पूर आला. गूगलने भारतीय लिप्यांसाठी फॉन्ट करवून घेतले आणि ते मुक्त परवान्याखाली दिले. २००९ मध्ये सत्या राजपुरोहित आणि पीटर बिलाक यांनी अहमदाबादेत सुरू केलेली इंडियन टाईप फाउंड्री, गिरीश दळवी, सारंग कुलकर्णी, नूपुर दाते यांची मुंबईतली 'एक टाईप', शिवाय देशोदेशींचे स्वतंत्र रचनाकार यांनी दोन-तीन वर्षांत जितकी जाड वजनं दिली तितकी शिशाच्या शंभर वर्षांत निघाली नसतील. या पुरातलं काय टिकतं, ते एकेक पाहण्यासारखं आहे.

तेको आणि खंड हे इंडियन टाईप फाउंड्रीचे दोन अरुंद फॉन्ट. तेको चौकोनी, खंड थोडा गोलाईचा. दोन्हींत वेलांट्या-मात्रा अंगाशी दाबून घेतल्या आहेत, त्यामुळे ओळी घट्ट बसतात आणि लांब मराठी मथळा कमी जागेत मावतो. क्रीडापानाला, निकालाच्या रात्री वाहिनीच्या पट्टीला ते चपखल. पण लोकांनी त्यांना शोकवार्तेलाही लावलं, आणि तिथे हे अक्षर खेळाडूच्या जर्सीत अंत्ययात्रेला आल्यासारखं वाटतं. शिवाय 'उद्ध्वस्त'सारख्या शब्दात वरून-खालून दाबलेलं अंग आणखी आक्रसतं. तेकोचं सर्वांत जाड वजन मी तरी छोट्या शब्दांपुरतंच वापरीन.

पॉपिन्सची देवनागरी निनाद काळे यांची. भूमितीवर बेतलेली, गोल वर्तुळांची, बारीकपासून ब्लॅकपर्यंत नऊ वजनांची. देवनागरीत एवढं मोठं भौमितिक कुटुंब आधी नव्हतं, त्यामुळे नव्या कंपन्यांनी आणि राजकीय प्रचाराच्या चित्रपट्ट्यांनी ते हातोहात उचललं. कंपासने काढलेला 'क' किंवा 'व' सुबक दिसतोच. पण देवनागरीचे पुष्कळ आकार बोरूच्या तिरक्या कापातून आले आहेत. तो काप काढून टाकला की 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' हे एकमेकांच्या जवळ सरकतात. मोठ्या, मोकळ्या शब्दात ते चालून जातं. मथळ्याला दोन ओळी झाल्या की डोळ्याला धरायला काही उरत नाही. लोकप्रियतेच्या मानाने मथळ्याच्या कामात हा फॉन्ट मला अपुरा वाटतो, हे मत अनेकांना रुचणार नाही.

रोझा वन हा त्याच्या अगदी उलट. काने कमालीचे जाड, आडव्या रेघा केसासारख्या. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी जाहिरातींच्या अक्षराची ही चाल देवनागरीत आणणं धाडसाचं होतं आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर, मोठ्या मापात ते साधलंही आहे. दिवाळी अंकाच्या लेखाचं शीर्षक यात घ्यावं, रोजच्या दैनिकात घेऊ नये. तिथल्या कागदावर त्या केसासारख्या रेघा शाईत कुठे जातात कळत नाही.

एक टाईपचं काम मराठी डोळ्याला जास्त जवळचं आहे. मुक्ता हा खरं तर मजकुराचा आणि सर्वसाधारण कामाचा फॉन्ट, सात वजनांचा. पण त्याचं एक्स्ट्रा बोल्ड शांतपणे भार उचलतं. कुठेही आव न आणता दिसणारं जाड अक्षर हवं असेल तर आजही माझी पहिली निवड तीच. बलू गोलमटोल, बोथट टोकांचा, आधी एकाच वजनात आला आणि नंतरच्या आवृत्तीत पाच वजनांचा झाला. मुलांच्या पुस्तकाला, खाऊच्या पाकिटाला तो शोभतो. सरकारी सूचनेला शोभत नाही, तिथेही तो दिसतो. मोदक हा या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारा. सारंग कुलकर्णींनी त्यात जाडपणाला शेवटच्या टोकाला नेलं: अक्षराचं पोट जवळपास भरून टाकलं, पांढऱ्या जागेची फक्त वळणदार चीर ठेवली, आणि तरी अक्षर ओळखू येतं. कुठली रेघ गेली तरी चालते आणि कुठली गेली की अक्षर मरतं, याचा एवढा नेमका अभ्यास दुसऱ्या कुठल्या देवनागरी फॉन्टात मी पाहिलेला नाही. तो दोन शब्दांपलीकडे वापरू नये, हे त्याच्याकडे पाहताच कळावं. जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून घेतलेला जैनी हाही मोठ्या मापातच बोलतो, आणि त्याचं वजन बोरूचं असल्याने ते कुठे फुगवलेलं वाटत नाही.

कॅथरीन ली श्मिट यांचा यात्रा वन मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आला. पाटीरंगाऱ्याच्या चपट्या ब्रशची टोकं त्यात टिपली आहेत. फॉन्ट चांगला आहे. पण त्याच्याकडे पाहताना एक खंत वाटते: अशा पाट्या रंगवणारे हात या शहरात होते, त्यांच्याकडून पूर्ण वर्णमाला लिहून घ्यावी असं इथल्या कुणाला आधी का सुचलं नाही?

२०२२ मध्ये आलेला एक टाईपचा 'अनेक' हा फॉन्ट या सगळ्यांच्या पुढचं पाऊल आहे. नऊ भारतीय लिप्या आणि रोमन, आणि प्रत्येकीत वजन व रुंदी दोन्ही सरकवत नेता येतात. एकाच फाईलमध्ये आठ कॉलमी मथळाही बसतो आणि एक कॉलमीही, अक्षर न ताणता. मांडणी करणाऱ्याच्या हाती हे मोठं शस्त्र आहे. पण टोकाच्या अरुंद आणि टोकाच्या जाड अशा कोपऱ्यात ते नेलं की तिथेही जोडाक्षरं दमतात. सरकपट्टी जिथवर जाते तिथवर गेलंच पाहिजे असं नाही.

या फॉन्टांवर एक आक्षेप मराठी वाचकाने घ्यायलाच हवा. त्यांतले बरेचसे आधी हिंदीसाठी किंवा रोमनच्या जोडीला म्हणून आखलेले. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. चांगल्या फॉन्टात हे मराठी आकार दडवून ठेवलेले असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली तरच ते बाहेर येतात. आता मांडणी करताना भाषेचा तो पर्याय किती जण निवडतात? सोशल मीडियाची चित्रं बनवणाऱ्या साध्या साधनांत तर तो सापडणंही कठीण. परिणामी मराठी मथळ्यात हिंदी वळणाचे ल आणि श सर्रास छापले जातात, आणि शाळेत मूल गिरवतं एक व फलकावर वाचतं दुसरंच. मजकुराच्या बारा पॉइंटात हा फरक नजरेआड होतो. बहात्तर पॉइंटाच्या जाड मथळ्यात तो दारात उभा असतो. ऱ्याचंही तसंच: तो दोन-तीन निरनिराळ्या रीतींनी टाईप होतो आणि फॉन्टात एकाच रीतीची सोय असली तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला 'ऱ्या' फुटतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टात ते मिळत नाही, आणि मग जाड मथळ्याच्या मधोमध एक किरकोळ परका 'ॲ' येऊन बसतो. टायरो टाईपवर्क्सने मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगवेगळे फॉन्टच दिले, भाषा नोंदवण्याची भानगड नको म्हणून. तो मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. पण ते मजकुराचे फॉन्ट. मथळ्यासाठी असं कुणी केलेलं नाही.

परवान्याकडे वळू. हा विषय कंटाळवाणा समजला जातो, आणि म्हणूनच महागात पडतो.

भारतीय कायद्याची स्थिती थोडी विचित्र आहे. फॉन्टची फाईल संगणकीय आज्ञावली म्हणून कॉपीराइट कायद्याखाली येते असं धरून सगळा व्यापार चालतो. अक्षराच्या निव्वळ आकाराला मात्र तेवढा आसरा नाही. २००२ मध्ये 'आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्स' या प्रकरणात कॉपीराइट मंडळाने टाईपफेसला कलाकृती म्हणून नोंदणी द्यायला नकार दिला. याउलट, एखाद्या नाटकाच्या नावाचं एकच रेखाटन हे रेखाचित्र म्हणून कलाकृती ठरू शकतं. म्हणजे पाच अक्षरांच्या लेटरिंगला जे संरक्षण मागता येतं ते पूर्ण वर्णमाला रचणाऱ्याला आकारासाठी मिळेलच असं नाही. त्याच्या हाती उरते फाईल, फॉन्टचं नाव आणि परवान्याचा करार. म्हणून तो करार एवढा लांबलचक असतो, आणि म्हणून तो वाचावा लागतो.

विकतच्या फॉन्टचा परवाना हा सहसा वापरण्याचा हक्क असतो, मालकी नसते. डेस्कटॉपचा परवाना संगणकांच्या किंवा वापरणाऱ्यांच्या संख्येवर, वेबचा बहुतेकदा पानं किती वेळा उघडली यावर, ॲपचा वेगळा, ई-पुस्तकाचा वेगळा, दूरचित्रवाणीचा वेगळा. कित्येक करारांत लोगोसाठी स्वतंत्र कलम असतं. मराठी व्यवहारात घोटाळा होतो तो हातबदलात. जाहिरातसंस्थेने फॉन्ट घेतला, काम ग्राहकाला दिलं, ग्राहकाने फाईल गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडे पाठवली, आणि सोबत 'फॉन्ट पण पाठव' म्हणून फॉन्टही गेला. बहुतेक करारांनुसार हे चोरीतच मोडतं. अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवून, पाठवणं हा सरळ उपाय, आणि त्याने फ्लेक्सवाल्याकडे जोडाक्षरं फुटण्याचा धोकाही टळतो. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असं लिहिलेला फॉन्ट दुकानाच्या पाटीला चालत नाही, चाचणीसाठी दिलेली आवृत्ती छापायला चालत नाही. ॲडोबीच्या वर्गणीतले फॉन्ट वर्गणी सुरू असेतो हाताशी. मासिकाचं नाव अशा फॉन्टात बांधायचं असेल तर संस्था बदलली, वर्गणी संपली, तर काय होणार याचा विचार आधी करावा. ग्राहकाच्या वेबसाइटसाठी त्याची स्वतःची वर्गणी लागते, संस्थेची पुरत नाही.

फुकट आणि मुक्त यांतही अंतर आहे. इंडियन टाईप फाउंड्रीची फॉन्टशेअर ही सेवा व्यावसायिक कामालाही फॉन्ट मोफत देते, पण त्यांच्या स्वतःच्या करारावर. फाईल बदलायची किंवा पुढे वाटायची मोकळीक त्यात गृहीत धरू नये. गूगलच्या संग्रहातले देवनागरी फॉन्ट बहुतेक करून एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत. त्याची सध्याची १.१ ही आवृत्ती २००७ ची. त्यानुसार फॉन्ट छापा, वेबवर लावा, ॲपमध्ये घाला, लोगो करा, कुणालाही द्या. नुसती फाईल मात्र विकता येत नाही. फॉन्ट बदलताही येतो, पण बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यायचा आणि मूळ नाव राखून ठेवलं असेल तर नाव बदलायचं. तयार झालेल्या मथळ्यावर, पोस्टरवर कसलंच बंधन नाही.

फॉन्ट बदलण्याच्या या हक्काकडे मराठीत फारसं कुणी पाहत नाही, आणि मला सर्वांत मोलाचा तोच वाटतो. एखाद्या दैनिकाला हवा असलेला जाड फॉन्ट मुक्त परवान्यावर आहे, त्यात फक्त मराठी ल-श आपोआप येत नाहीत आणि 'द्ध्व' कच्चा आहे, तर कुणाची परवानगी न मागता ते दुरुस्त करून घेता येतं. रचनाकाराला थोड्या कामाचे पैसे द्यायचे, फॉन्टला नवं नाव द्यायचं आणि तो पुन्हा मोकळा सोडायचा. खर्च नव्या फॉन्टच्या मानाने किरकोळ. तरी असे मराठी अवतार जवळजवळ दिसत नाहीत. फुकट मिळालेल्या वस्तूवर खर्च करणं संपादकीय बैठकीत समजावून सांगता येत नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

फुकट फॉन्टांनी आणखी एक गोष्ट केली. गूगलने रचनाकारांना एकदाच मोबदला दिला आणि फॉन्ट कायमचे मोकळे झाले. वापरणाऱ्याला हे सोन्याहून पिवळं. पण जिथे चांगला फॉन्ट शून्य रुपयांत मिळतो तिथे त्याहून अधिक चांगला फॉन्ट कितीला विकावा? मजकुराच्या फॉन्टांसाठी कंपन्या आणि सरकारं पैसे देतात, कारण ती पायाभूत गरज दिसते. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे युनिकोड फॉन्ट सर्वांसाठी उपलब्ध केले, तेही मुख्यतः मजकुराच्याच गरजेतून. मथळा ही चैन मानली जाते. त्यामुळे मराठीच्या स्वभावाचा, ऱ्या आणि ळ यांना केंद्रस्थानी ठेवून आखलेला जाड फॉन्ट कुठल्याच खात्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

तो करवून घेण्याची ऐपत मोठ्या दैनिकांकडे आहे. चार-पाच आवृत्त्यांच्या दैनिकाने एकदा फॉन्टावर खर्च केला की प्रत्येक संगणकाचा वेगळा परवाना घेण्याची कटकट मिटते आणि पान दुरून ओळखू येतं. करार कसा असावा हेही कठीण नाही. रचनाकाराला पूर्ण मोबदला, दैनिकाला काही वर्षं एकट्याने वापरण्याचा हक्क, त्या मुदतीनंतर फॉन्ट रचनाकाराच्या नावासह मुक्त परवान्यावर. आणि कामाच्या आदेशाला जोडपत्र म्हणून त्याच दैनिकाच्या मागच्या वर्षातले पहिल्या पानाचे सगळे मथळे. रचनाकाराने नमुना दाखवायचा तो त्यांतल्या सर्वांत अवघड मथळ्यांवर, वर्तमानपत्राच्याच कागदावर, त्याच यंत्रावर छापून.

या कामाची माणसं घडवणाऱ्या जागाही आहेत. जे. जे. उपयोजित कला संस्थेत अक्षर शिकवलं जातं, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत २००८ पासून टायपोग्राफी डे सुरू झाला, दळवींनी देवनागरी अक्षराच्या अवयवांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. बापूराव नाईकांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ तर त्याच्या कितीतरी आधीचा. शिकलेली मुलं बाहेर पडतात आणि त्यांतली कित्येक परदेशी फाउंड्र्यांसाठी रोमनच्या जोडीची देवनागरी रेखाटत बसतात, कारण पगार तिथून येतो. मराठी दैनिकाच्या कलाविभागात त्यांच्यासाठी जागा निघते ती मांडणीची, फॉन्ट रचण्याची नाही.